सहाव्या मण्याची गोष्ट

बालमित्रांनो, विळा तुम्ही पाहिलाच असेल. आपल्या वऱ्हाडात त्याला इळा म्हणतात. ज्वारी सोंगायची तर तो हवाच! पण असाच विळा कुणाच्या रक्तात असला तर? दचकू नका. आज तुम्हांला त्याच विळ्याची गोष्ट सांगणार आहे. आपल्या विदर्भातल्या कितीतरी घरांशी तिचा संबंध आहे, म्हणून आई-बाबांनाही वाचायला द्या.

आमचं अकोट सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळेत माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, पण थंडी पडली की त्याची जागा रिकामी दिसायची. हातपाय इतके दुखायचे, की रात्ररात्र झोप नाही. खेळाच्या तासाला तो झाडाखाली बसून राही. मुलं म्हणायची, "नाटकं करते हा!" घरचे म्हणायचे, नजर लागली. त्याच्या आजाराचं नाव सिकलसेल, हे फार उशिरा कळलं. 'सिकल' म्हणजे विळा, 'सेल' म्हणजे पेशी. पुढे कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकताना मला या आजाराची सगळी हकिकत वाचायला मिळाली.

आपल्या रक्तातली तांबडी पेशी गोल, मऊ चकतीसारखी असते. ती हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाने गच्च भरलेली असते. प्राणवायू शरीरभर पोचवणारा हमाल तो हाच! हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार माळा असतात. माळेचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. दोन माळांत 141-141 मणी, दोन माळांत 146-146. एकूण झाले 574. माळा विशिष्ट पद्धतीने गुंडाळल्या जातात, आणि त्या आकारावरच सगळं काम अवलंबून असतं.

सिकलसेलमध्ये होतं काय? 146 मण्यांच्या माळेतला फक्त सहावा मणी बदलतो. तिथे ग्लुटामिक आम्ल हवं, त्याजागी व्हॅलीन येतं. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं. व्हॅलीन मात्र तेलाच्या थेंबासारखं पाण्यापासून दूर पळतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला, की हा मणी शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो. त्याला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा. बघता बघता पेशीत ताठ दोरे तयार होतात, आणि गोल पेशी ताणून विळ्यासारखी होते. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकले की जीवघेण्या कळा येतात. शिवाय चांगली पेशी 120 दिवस टिकते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस. मग रक्त कमी पडणारच ना?

हे शोधून काढलं कुणी? 1910 मध्ये शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात या विळ्यासारख्या पेशी पाहून त्यांची नोंद केली. 1949 मध्ये अमेरिकेतले प्राध्यापक लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी हिमोग्लोबिनच्या द्रावणातून वीज सोडली. रुग्णाचं हिमोग्लोबिन निराळ्या वेगाने सरकलं! म्हणजे दोष रेणूतच होता. 1956 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी पचनरसातल्या ट्रिप्सिनने दोन्ही हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि ओल्या कागदावर पसरून ताडून पाहिले. एकच तुकडा वेगळ्या जागी! पुढच्या वर्षी बदललेला मणीही सापडला. तिथेच मॅक्स पेरुट्झ हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्याचा आकार शोधत होते. दोन दशकांहून अधिक काळ ते चिकाटीने बसले. 1962 मध्ये त्यांना जॉन केंड्रू यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि गंमत बघा, वीज सोडून हिमोग्लोबिन ओळखायची पॉलिंग यांची ती युक्ती आजही दवाखान्यात सिकलसेल तपासायला वापरतात.

ही तपासणी का करायची? दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा त्रास होत नाही. उलट गंभीर मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या मुलखांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोन्ही पालकांकडून आला, की मग आजार. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. पालकहो, लग्नाआधी पत्रिका पाहतोच आपण, एकदा रक्तही पाहायला नको का? 2023 मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तीत ही तपासणी मुख्य आहे.

आजार कळला की उपायही करता येतात. भरपूर पाणी पिणं, थंडीपासून जपणं, अंगाला झेपेल तेवढाच खेळ, आणि डॉक्टर देतात ते हायड्रॉक्सीयुरियाचं औषध. त्याने कळा कमी होतात.

आता तुमचं काम. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने होत नाही. तो कुणाचा शाप नाही, आळस तर नाहीच नाही. तुमच्या वर्गात असा कुणी मित्र किंवा मैत्रीण असेल, तर शेजारी बसा, आपल्या बाटलीतलं पाणी द्या, बुडलेल्या अभ्यासाच्या वह्या घरी नेऊन द्या. 574 मण्यांतले दोन मणी चुकले, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? कराल ना एवढं?