भट्टीचा नंबर

नानकटाईचं तूप फेसायला घरातलं सगळ्यात रिकामटेकडं माणूस बसवायचं असा दंडक होता, आणि आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी. पितळी परात, खाली ओलं फडकं, म्हणजे ती गरगर फिरत नाही. तूप आणि पिठीसाखर तळहाताने एकाच दिशेने घोटायची. सुरुवातीला साखर हाताला खरखरते, तूप बोटांमधून निसटतं. अर्ध्या तासाने दोघांचं पटायला लागतं, पिवळा रंग पांढरा होतो, गोळा कापसासारखा हलका लागतो. आई कचेरीतून आली की चपला काढता काढता वाटीभर पाण्यात त्यातला ठिपका टाकायची. तरंगला तर सुटका. बुडाला तर “अजून दहा मिनिटं.” तो पहिल्यांदा कधीच तरंगत नसे.

ही गोष्ट १९७८-७९च्या आसपासची. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्या, माणसं सहा. आई सरकारी कचेरीत कारकून. सकाळी ८च्या आसपासची लोकल, व्हीटीला उतरायचं, संध्याकाळी उलट प्रवास. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया अशाच जायच्या. त्यामुळे ‘आई कामाला जाते’ याचं आम्हाला कौतुकही नव्हतं आणि दुःखही. किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची, एवढंच.

या बायकांचा अर्धा स्वयंपाक लोकलच्या लेडीज डब्यात व्हायचा. पर्समध्ये सुरी, प्लास्टिकची पिशवी आणि जुनं वर्तमानपत्र. ठाण्यापर्यंत गवार मोडून व्हायची, डोंबिवलीपर्यंत लसूण. हिवाळ्यात मटार सोलताना शेजारणीही चार शेंगा उचलून सोलू लागायच्या, आणि मोबदल्यात दोन दाणे तोंडात टाकायच्या. बायकांसाठीची स्पेशल लोकल चर्चगेट-बोरिवली मार्गावर आली ती १९९२ साली. त्याआधी हा दीड डबा हीच त्यांची माजघराची जागा. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणत्या दुकानात रवा बरा आला आहे, सगळं तिथेच कळायचं.

दिवाळीत मात्र डबा पुरायचा नाही. आज विचार केला तर वाटतं, आईने फराळाचं वेळापत्रक पदार्थांच्या स्वभावावर बसवलं होतं. अनारसे हा नोकरदार बाईचा पदार्थ, असं ती म्हणायची, आणि लोक हसायचे. पण खरं होतं ते. रविवारी तांदूळ भिजत घालायचे. सोमवारी, मंगळवारी पहाटे फक्त पाणी बदलायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. बुधवारी उपसून जुन्या धोतरावर सावलीत पसरायचे, ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून गोळा डब्यात बंद. पुढे तो बिचारा आठ-दहा दिवस वाट बघत बसतो, तक्रार करत नाही. बेसनाचे लाडू उलटे. बेसन भाजायला बसलं की उठायचं नाव नको, कढई सोडली की खालून लागलंच. म्हणून लाडू रात्री, सगळे झोपल्यावर. विविध भारतीवर रात्री उशिराची गाणी लागलेली, घरभर खमंग वास, आणि आई कढईसमोर पाटावर. मला अधूनमधून जाग यायची तेव्हा ती तशीच दिसायची. सकाळी सहाला तीच उठवायला यायची.

चकलीच्या सोऱ्याला जोर लागतो म्हणून ते खातं बाबांकडे. दोन तास सोऱ्या दाबला की बाबा “आम्ही चकल्या केल्या” असं सोमवारी कचेरीत सांगायचे. भाजणी कोणी भाजली, गिरणीच्या रांगेत कोण उभं राहिलं, “कशावर दळताय?” असं गिरणीवाल्याला कोणी दहादा विचारलं, हे त्या वाक्यात यायचं नाही. मी बाबांना दोष देत नाही. त्या वेळच्या घरांमध्ये सोऱ्याला हात लावणारा पुरुषही कौतुकाचा होता. पण ‘आमच्या लहानपणी सगळं कसं घरी व्हायचं’ असं कोणी हळवं होऊन म्हणालं की मला आधी ती रात्रीची कढई दिसते. आईला वेळ सापडत नव्हता. ती तो स्वतःच्या झोपेतून काढायची, आणि थोडा आम्हा मुलींच्या खेळातून.

सामान जमवणं हेच एक प्रकरण असे. सणाची जादा साखर रेशनवर यायची, तिची रांग वेगळी. साजूक तूप फक्त देवापुरतं आणि बेसनाच्या लाडवांपुरतं. बाकी सगळा कारभार ताडाच्या झाडाचं चित्र असलेल्या पिवळ्या डब्यातल्या डालड्यावर. १९७२च्या सुमाराला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचा लाटणे मोर्चा काढला, तेव्हा आईच्या कचेरीतल्या काही जणी लाटणी घेऊन गेल्या होत्या. आईला रजा मिळाली नाही. “माझं लाटणं घरीच लढत होतं,” असं ती नंतर सांगायची.

प्रमाणांसाठी स्वयंपाकघरात ‘रुचिरा’ होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि ‘अंदाजाने घालावे’ म्हणणाऱ्या सासवांचा धाक थोडा कमी झाला. वाटी आणि चमचा ही मापं कोणाच्याही घरात असतात. आईच्या प्रतीवर तेलाचे डाग इतके होते की काही पानं उजेडात धरली की आरपार दिसायची. नानकटाईचं प्रमाण मात्र तिला पाठ होतं: एक किलो मैदा, अर्धा किलो पिठीसाखर, अर्धा किलो तूप. थोडा रवा, खुसखुशीतपणासाठी. जायफळ. वेलदोडा नाही, वेलदोडा शेजारच्या काकूंचा.

घरात ओव्हन असण्याचा प्रश्नच नव्हता. केक करायची हुक्की आली तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, वर झाकणावर निखारे ठेवून तो करायचा. एका बाजूने करपायचा, दुसऱ्या बाजूने चिकट राहायचा, आणि आम्ही मधला भाग खायचो. पण दोन-तीन किलोंची बिस्किटं अशी होत नाहीत. ती बेकरीत.

स्टेशनजवळच्या गल्लीत बेकरी होती, लाकडावरची भट्टी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि मेच्या सुटीत पावाचा घाणा निघाला की भट्टी घरगुती गिऱ्हाइकांची. शाळा सुटल्यावर मी आणि धाकटा भाऊ पातेलं घेऊन जायचो, नंबराची चिठ्ठी घ्यायचो आणि बाकावर जागा धरायचो. नंबर कधी १४, कधी २२. आई स्टेशनवरून परस्पर तिथे यायची. मग पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडायचे, दोन बोटांचं अंतर सोडून, कारण नानकटाई भट्टीत पसरते. प्रत्येक घराची खूण वेगळी. कोणी मध्ये चारोळी दाबायचं, कोणी बाटलीच्या बुचाचा ठसा. आमची खूण काट्याने पाडलेली फुली. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या फळीवर ट्रे ठेवून आत सारायचे. भट्टीचं तोंड उघडलं की गालांना ऊब लागायची आणि तुपाचा, भाजल्या मैद्याचा वास अंगावर यायचा.

बाक लाकडी, एक पाय आखूड, त्याखाली दगड. त्यावर बायका दोन-दोन तास बसायच्या. कडेला पर्स, पायात दिवसभराच्या चपला, मांडीवर काही नाही. निवडायला भाजी नाही, सोलायला लसूण नाही. मला ते विचित्र वाटायचं, पण का ते कळायचं नाही. आई भिंतीला डोकं टेकायची. कधी बोलायची, कधी नुसती भट्टीकडे बघत राहायची.

एकदा आमचा नंबर खूप मागे होता. चाचांनी आईकडे बघितलं, तिचा चेहरा फार थकलेला असावा. म्हणाले, “बाई, तुमचा ट्रे आधी घेतो. जागा आहे.” मी लगेच उठले. आई म्हणाली, “नको, नंबरानंच घ्या.” मला रडू यायचं बाकी होतं, दुसऱ्या दिवशी शाळा होती. घरी जाताना मी बाबांना सांगेन म्हणाले. पुढे कित्येक वर्षं हा प्रसंग मी आईच्या शिस्तीचा म्हणून सांगत आले. रांग मोडायची नाही, कोणाची मेहेरबानी घ्यायची नाही, वगैरे.

एका वर्षी बेकरीत बिस्किटांचे डबे बदलले. घरी येऊन झाकण उघडलं तर वेलदोड्याचा वास, आणि वर चारोळी. भाऊ परत धावला, पण बेकरी बंद झाली होती. त्या वर्षी आम्ही कोणाची तरी बिस्किटं खाल्ली, आणि खरं सांगायचं तर ती आमच्यापेक्षा चांगली होती. शेजारीपाजारी फराळाची ताटं वाटताना क्रोशाच्या रुमालाखाली तीच गेली. काकूंनी चाखून विचारलं, “या वर्षी वेलदोडा घातलात वाटतं?” आई म्हणाली, “हो, म्हटलं बघू.”

आता माझ्या ओट्यावर छोटा ओव्हन आहे. आकडा फिरवला की १७० अंश, वीस मिनिटांनी टिंग. तूप फेसायला बीटर, सात मिनिटं. मागच्या दिवाळीत कचेरीची मीटिंग कानात चालू ठेवून मी दोन घाणे काढले. न्यू जर्सीतली भाची व्हिडिओवर प्रमाण विचारत होती, तिच्याकडे रात्रीचे अकरा आणि सकाळी कामावर जायचं. “मावशी, रवा किती?” मी सांगितलं. तिचीही कढई रात्रीचीच, हे मनात आलं, बोलले नाही.

आई तेव्हा माझ्याकडेच होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. बशीत दोन नानकटाया ठेवून मी सहज विचारलं, “एवढा फराळ केलास जन्मभर. तुला सगळ्यात काय करायला आवडायचं?”

“बिस्किटं,” ती लगेच म्हणाली.

मला अनारसे वाटले होते. “का गं?”

“ती कुठे मी करायचे? तूप तू फेसायचीस, भाजायचे चाचा. मला बसायला मिळायचं.”

तिने तुकडा मोडला, चहात बुडवला, तोंडात घोळवला.

“तूप कमी फेसलंयस,” म्हणाली.