ओरिजिनल आहे का?

इंटरनेटवर ‘ओरिजिनल’ हा एकच शब्द टाकून कधी काही शोधून बघितलंय? नका बघू. बुटांपासून बासमतीपर्यंत प्रत्येक गोष्ट स्वतःला ओरिजिनल म्हणवून घेते. माझी पंचाईत अशी की मला जी वस्तू शोधायची होती, तिचं नावच मुळी ओरिजिनल होतं. नळीच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलेलं, ‘ओरिजिनल मॉडेल ६, मेड इन जर्मनी’. बस्स. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही.

पुण्या-मुंबईतल्या दुकानांत फोन केले, तेव्हा संवाद साधारण असे झाले.

‘एअर पिस्तुलाचं सील मिळेल का?’

‘कुठलं पिस्तूल?’

‘ओरिजिनल.’

‘मॅडम, आमच्याकडे सगळं ओरिजिनलच असतं. कंपनी सांगा.’

‘तेच तर सांगतेय, ओरिजिनल!’

यानंतर समोरचा माणूस एक तर हसायचा, नाही तर फोन ठेवायचा. एकाने मात्र प्रेमाने सल्ला दिला, ‘नवीन घेऊन टाका. जुन्याच्या नादाला लागू नका.’

आता नाद कुणाचा, तर माझ्या आत्याचा. मुक्काम राजारामपुरी, कोल्हापूर. वय ७३. बँकेत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त. १९७४ साली तिचे धाकटे दीर इंग्लंडहून आले, तेव्हा त्यांनी वहिनीसाठी साडी-बिडी न आणता हे पिस्तूल आणलं. कारण जत्रेत फुगे फोडायच्या पैजेत वहिनीने त्यांना सलग हरवलं होतं! तेव्हापासून वीस-पंचवीस वर्षं बँकेतून आल्यावर चहा, आणि चहानंतर मागच्या अंगणात पुठ्ठ्यावर दहा छर्रे, हा तिचा नेम. बाकीच्या बायका भिशीला जायच्या, ही नेम धरायची.

(घाबरू नका. हे हवेच्या दाबावर चालणारं, .१७७ बोअरचं पिस्तूल आहे. त्या बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही. तरी ते खेळणं नाही. आत्याच्या घरात पिस्तुलाची पेटी कपाटात आणि छर्र्यांचा डबा वेगळ्या कुलपात, हा नियम पन्नास वर्षं मोडलेला नाही.)

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. राधानगरी तालुक्यातला पोरगा, त्यामुळे अख्खं कोल्हापूर हवेत. आत्याही. तिने कित्येक वर्षांनी पेटी उघडली, पिस्तूल भरलं, चाप ओढला आणि... फुस्स. छर्रा नळीतच अडकला. तो काढायला सळई घातली तर छर्र्यामागून गुळाच्या चुऱ्यासारखे तपकिरी कण पडले. तिने मला रात्री पावणेअकराला फोन केला. ‘अगं, पिस्तूल गूळ ओकतंय.’

एरवी मी ‘बघू गं’ म्हणून दिवाळीपर्यंत ढकललं असतं. पण दोन गोष्टी आड आल्या. एक, आत्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, आणि दसऱ्यानंतर घर रिकामं करायचं होतं. न्यू जर्सीतला तिचा मुलगा रोज फोनवर ‘आई, सामान कमी कर’ हा जप करत होता. दुसरी गोष्ट म्हणजे खंडेनवमी. आत्या दर वर्षी त्या दिवशी विळी, शिवणयंत्र, बँकेतलं जुनं पेन आणि पिस्तूल पाटावर मांडून पूजा करते. तिचा स्वतःचा कायदा असा, की चालतं हत्यारच पूजेला बसतं. बंद पडलेलं मांडायचं नाही. ‘नवमीपर्यंत चाललं तर ते माझ्याबरोबर नव्या घरी येईल. नाही तर भंगारवाल्याला देऊन टाकेन, मला रडगाणं नको,’ असं तिने मला बजावलं. आवाज एकदम कोरडा. आत्या अशी कोरडी बोलली की समजायचं, मामला सीरियस आहे. (आतोबांच्या तेराव्याला ती याच आवाजात बोलत होती.)

तर मुदत दोन महिने, आणि हातात एक शब्द, ओरिजिनल.

कोडं सुटलं ते इतिहासातून. जर्मनीत राष्टाट नावाचं गाव आहे. तिथे १८९० मध्ये मायर आणि ग्रामेलस्पाखर या मंडळींनी कारखाना काढला. त्यांच्या एअरगनचं नाव ‘डायना’, म्हणजे शिकारीची रोमन देवी. बोधचिन्हात ही बाई धनुष्यबाण पायाशी टाकून हातातली एअरगन उंच नाचवतेय! आत्याला मी हे चित्र दाखवलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरली आणि भरपाई म्हणून या कारखान्याची यंत्रं गेली ब्रिटनला. यंत्रांबरोबर नावही गेलं. स्कॉटलंडमधल्या मदरवेलची मिलब्रो नावाची कंपनी ‘डायना’ या नावाने बंदुका विकू लागली. पुढे राष्टाटवाल्यांनी पुन्हा कारखाना उभा केला, पण ब्रिटनमध्ये त्यांना स्वतःचंच नाव वापरता येईना. मग त्यांनी तिथे काय नाव घेतलं असेल? ओरिजिनल. अर्थात, ‘खरे आम्हीच’. आपल्याकडे पाटीवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ लिहितात ना, त्याच जातीचा हा राग. पुढे १९८० च्या दशकात मिलब्रोचं काम थांबलं आणि नाव राष्टाटला परत आलं, पण तोवर हजारो पिस्तुलं ‘ओरिजिनल’ हे आडनाव घेऊन जगभर गेलेली होती. त्यातलं एक दिरांच्या बॅगेतून राजारामपुरीत.

म्हणजे आत्याचं पिस्तूल हे जर्मनीत डायना ६, ब्रिटनमध्ये ओरिजिनल ६. आणि अमेरिकेत? तिथे ते १९७० च्या आसपास काही वर्षं विंचेस्टर ३६३ म्हणून विकलं गेलं. एकच पिस्तूल, तीन पासपोर्ट. हे तिसरं नाव कळलं आणि दार उघडलं. अमेरिकन लोक माहितीपुस्तिका काढण्यात हुशार. त्या नावाने शोधल्यावर सगळे भाग सुटे सुटे करून दाखवणारं, आकडे घातलेलं एक चित्र मिळालं. ऑफिसच्या प्रिंटरवर ए-थ्रीमध्ये काढलं. (बॉस, वाचत असशील तर, एकच प्रिंट काढली.)

चित्र बघितल्यावर कळलं की हे प्रकरण साधं नाही. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअरगनची जुनी खोड अशी, की चाप ओढला की आतला जड पिस्टन झटक्यात पुढे येतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आत पिस्तूल हातात उडी मारतं. नेम गेला! राष्टाटचे इंजिनीअर कुर्ट गिस यांनी यावर भन्नाट युक्ती काढली. पिस्टन एक नाही, दोन. एक पुढे धावतो, त्याच क्षणी दुसरा मागे. दोघांना दातेरी पट्ट्या आणि मधे गिअरची चाकं, म्हणजे कुणी आधी निघणार नाही की नंतर. रंकाळ्यात होडीच्या दोन टोकांवरून दोन सारख्याच वजनाच्या माणसांनी एकाच वेळी उड्या माराव्यात आणि होडी जागची हलू नये, तसं. पुढे स्पर्धांमध्ये कॉम्प्रेस्ड एअरची पिस्तुलं आली आणि ही सगळी कारागिरी मागे पडली. २०२४ मध्ये मनू भाकरने पॅरिसला पदक मिळवलं ते तसल्याच पिस्तुलावर. त्यात आत धावणारा पिस्टनच नसतो.

गिसचा गिअर अजून ठणठणीत. बिघडलं होतं ते पिस्टनच्या तोंडावरचं सील. त्या काळातल्या सिंथेटिकचा हा रोग जगप्रसिद्ध आहे. वापरा, न वापरा, तीस-चाळीस वर्षांत ते आपोआप ठिसूळ होतं आणि त्याचा भुगा होतो. आत्याचा गूळ तो हाच. सील गेलेलं पिस्तूल तसंच उडवत राहिलं तर मधे हवेची गादी राहत नाही, पिस्टन थेट धातूवर आपटतो. म्हणून मी तिला फोनवर बजावलं, आता एकदाही चाप ओढायचा नाही. ‘बरं बाई,’ म्हणाली. तिने माझं ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

तयार सील इंग्लंडात मिळतं, किंमतही फार नाही. पण कुरिअरच्या फॉर्मवर ‘एअरगन’ शब्द आला की पार्सल कस्टममध्ये किती दिवस बसेल याची खात्री कोण देणार? एका दुकानदाराने भारतात पाठवायला सरळ नकार दिला, दुसरा म्हणाला, ‘रबर वॉशर’ लिहून पाठवतो. मी आत्याला विचारलं. पलीकडून क्षणभर काहीच नाही, मग, ‘फॉर्मवर भलतंच लिहायचं नाही. मी चौतीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासलेत.’ विषय संपला.

मग वीकेंडला एसटी पकडली आणि आत्याला घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, कोल्हापुरात पंपापासून इंजिनपर्यंत काहीही मोडलं तरी लोक आधी उद्यमनगरात जातात, शोरूमला नंतर. लेथचा आवाज, ऑइलचा वास आणि प्रत्येक दारात ‘काय करायचंय?’ विचारणारा माणूस. तीन दारांत मान हलली. चौथ्या दारात साठीचे एक मिस्त्री बसले होते. त्यांनी पिस्तूल हातात घेतलंच नाही. आधी चित्र मागितलं, चष्मा चढवून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, ‘हे तर हायड्रॉलिकच्या सीलसारखंच आहे की. नमुना आणलाय?’

नमुना म्हणजे भुगा, प्लास्टिकच्या पिशवीत. ते हसले. ‘मग सिलिंडर उघडून आणा. आतलं माप घेऊ.’

पिस्तूल उघडणं हा आमच्या खानदानातला एक ऐतिहासिक शनिवार होता. स्प्रिंग ताणलेली असते, ती अचानक सुटली तर तोंड फोडेल. म्हणून शेजारच्या सुताराचा व्हाइस, जुनी चादर आणि दोघींच्या डोळ्यांवर गॉगल. आत्याचा गॉगल आतोबांच्या स्कूटरच्या जमान्यातला. खरी धास्ती गिअरची. परत बसवताना एक दाता इकडचा तिकडे झाला तर दोन पिस्टनांची वेळ चुकते आणि सगळी करामत फुकट. चाकं काढायच्या आधी मी पर्समधून लाल नेलपेंट काढलं आणि जे दाते एकमेकांत बसले होते त्यांवर ठिपके दिले. चार ठिपके, दहा मिनिटं वाळवलं. मग पंधरा फोटो. आत्या बाजूला वहीत प्रत्येक स्क्रूचा क्रम लिहीत होती, जमा-नावे पद्धतीने. डावीकडे ‘काढले’, उजवीकडे ‘बसवले’.

मिस्त्रींनी व्हर्नियरने माप घेतलं. तीन ठिकाणी, तीनदा. टेफ्लॉन नको म्हणाले, कडक पडेल. पीयू घ्यायचं ठरलं, म्हणजे पॉलियुरेथेन. पण ते मऊ, लेथवर धरलं की वाकतं, टूलपासून पळतं. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे पोराला पाठवून समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून बर्फ आणला, पीयूचा रॉड तासभर त्यात पुरला, आणि गारठून टणक झाल्यावर चढवला लेथवर. मध्येच कोमट झाला की पुन्हा बर्फात. पहिलं सील सैल झालं. दुसरं घट्ट. तिसरं सिलिंडरमध्ये सरकवलं, पुढचं भोक बोटाने दाबून पिस्टन ढकलला तर मागे ढकलून द्यायला लागलं. हवा आत धरली होती! मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसती मान डोलावली आणि त्याच मापाची अजून दोन कापली. पैसे विचारले तर रॉडचे आणि बर्फाचे सांगितले. आत्याने मजुरीसकट मोजून दिले, पावती मागितली, आणि त्यांनीही गंमत म्हणजे ती लिहून दिली.

जोडणीला रविवार आणि सोमवारची माझी रजा गेली. ठिपक्याला ठिपका जुळवून गिअर बसले.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. निम्मे बिऱ्हाडकरू आधीच गेलेले, त्यामुळे वर कुणी नाही. गच्चीचं दार आतून बंद. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकवून जुन्या मासिकांनी ठासून भरलेलं लाकडी खोकं, त्यावर कार्ड. दहा मीटर मी टेपने मोजले. एअर पिस्तुलाच्या कार्डावर मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आत्याने नळी खाली वाकवून पिस्तूल कॉक केलं. हे तिला एका दमात जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. मी मदतीला हात पुढे केला तर तिने नुसतं बघितलं. मी हात मागे घेतला.

पहिला छर्रा कार्डाच्या कोपऱ्यात. दुसराही तिथेच जवळ. तिने चष्मा पुसला, मागची साइट दोन खाचा फिरवली. तिसरा काळ्यात. पिस्तूल हातात जराही हललं नाही, कुर्ट गिस यांची कृपा. पाच मारून ती थांबली, कार्डाजवळ चालत गेली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘डावीकडे जातंय अजून. उद्या बघू.’

दुसऱ्या दिवशी पाटावर विळी आणि शिवणयंत्राच्या मधे ते बसलं, झेंडूच्या पाकळ्यांत. नंतर आत्याने दोन जादा सीलं कागदात गुंडाळून पेटीच्या कप्प्यात ठेवली आणि सोबत एक चिठ्ठी. ‘ओरिजिनल ६ = डायना ६ = विंचेस्टर ३६३.’ खाली सिलिंडरचं माप, रॉडचा प्रकार, ‘बर्फात ठेवून कापणे’, ‘लाल ठिपके जुळवणे’. मग बँकेच्या सवयीने तारीख घातली, सही केली, आणि माझ्याकडे पेन सरकवून म्हणाली, ‘साक्षीदार म्हणून तूही कर.’