पुण्याला वाचले

सीमाभागात मराठी शिकवणाऱ्या मास्तरची लाल शाई लवकर संपते. तीसेक वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यात मी नव्यानेच रुजू झालो होतो. सहावीतल्या एका मुलीने निबंधात लिहिले, ‘बाबा विहिरीत पडले. पुण्याला वाचले.’ मी ते वर्गात मोठ्याने वाचले आणि विचारले, ‘‘पडले इथे आणि वाचले पुण्याला? काय वाचले, वर्तमानपत्र?’’ वर्ग खो खो हसला. ती खाली मान घालून म्हणाली, ‘‘आमच्या घरी असंच म्हणतात, सर.’’

तिच्या घरी कानडी बोलत. आपण जिथे ‘सुदैवाने’ म्हणतो, तिथे कानडी माणूस ‘पुण्यक्के’ म्हणतो. त्यातला ‘क्के’ म्हणजे आपला चतुर्थीचा ‘ला’. पोरीने प्रत्यय बिनचूक उतरवला होता. कानडी येत नव्हते ते मला.

त्या रात्री मी हे शब्द घेऊन बसलो. ‘दैव’ म्हणजे देवाकडून आलेले. ‘नशीब’ अरबीतून आले. त्याचा अर्थ वाटा. ‘भाग्य’ही ‘भाग’ म्हणजे वाट्याचेच. कानडीत ‘अदृष्टवशात्’ असाही शब्द आहे; म्हणजे जे दिसत नाही त्याच्या योगाने. या साऱ्यांत माणसाचे कर्तृत्व कुठेच नाही. ‘पुण्य’ मात्र कुणीतरी केलेले असावे लागते. मग ते कोणाचे?

रविवारी मी तिच्या घरी गेलो. वडील खाटेवर बसले होते, पाय बांधलेला. शेजारचा मराठी शेतकरी चहा पीत होता. मी विचारले, ‘‘पुण्य कोणाचं?’’ वडिलांनी शेजाऱ्याकडे बोट दाखवले. त्यानेच विहिरीत उडी टाकली होती. तो संकोचून म्हणाला, ‘‘माझं कसलं, मास्तर? मोटार बंद करायला आलो होतो, नशीब म्हणायचं.’’

व्याकरणाच्या पुस्तकात न सापडलेला नियम मला तिथे मिळाला. ज्याने वाचवले त्याने ‘नशीब’ म्हणावे. जो वाचला त्याने ‘पुण्य’ म्हणावे. उलट झाले, तर एक बढाई होते आणि दुसरा कृतघ्नपणा.

सोमवारी मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि वर्गासमोर माझी चूक कबूल केली. तिच्या वहीतली लाल रेघ मात्र पुसता आली नाही. आज मुख्याध्यापक म्हणून नव्या शिक्षकांना एवढेच सांगतो, रेघ ओढण्याआधी मुलाच्या घरी काय बोलतात ते विचारा.

त्या सोमवारी ती शाळेत आली होती. पुण्याला आली, असेच मी म्हणेन. आणि ते पुण्य तिचे होते.