मागच्या चाकांचा भरवसा

ट्रॅक्टर घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती हॉर्सपॉवरचा?" मीही तेच विचारले होते. टायरकडे नीट पाहायला मला एका चढणीने शिकवले.

उसाची ट्रॉली भरून निघालो होतो. पावसाची भुरभुर होऊन गेलेली. मागच्या टायरांचे कंगोरे झिजलेले आणि त्यांच्यामध्ये शेतातला चिखल गच्च बसलेला. थोरला मुलगा मडगार्डवर. निम्म्या चढणीवर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. इंजिन नुसते ओरडत होते. ब्रेक दाबला, चाके थांबली, पण ट्रॉलीच्या ओझ्याने सगळे धूड मागे घसरू लागले. वाटेवरच्या एका भल्या माणसाने ट्रॉलीच्या चाकाखाली मोठा दगड सारला, म्हणून निभावले.

घरी सांगितले तेव्हा मंडळी एवढेच म्हणाली, "पत्री झिजलेला बैल कधी चढणीला जुंपला नाहीत. मग ह्याचे पाय का नाही पाहिले?"

बोल खरा होता. आपल्या साध्या ट्रॅक्टरची ओढ मागच्या दोन चाकांतच असते आणि ब्रेकही त्याच चाकांना. आमच्या ट्रॉलीला तर ब्रेकच नव्हते. म्हणजे चढायचे त्यांच्याच जोरावर, आणि थांबायचेही त्यांच्याच.

पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. 1932 साली अमेरिकेत हवेच्या रबरी टायरांचा ट्रॅक्टर विक्रीला आला आणि त्याला रस्ता मोकळा झाला. पण हे टायर मुळात मातीसाठी. मातीत कंगोरे रुततात. डांबरावर त्यांचे फक्त माथे टेकतात, शिवाय लवकर झिजतात.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. शेतातून डांबरीवर येताना कंगोऱ्यांतला चिखल काढतो. टायरच्या बाजूला बाण असतो; पुढे जाताना चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे, नाहीतर चिखल आपोआप बाहेर पडत नाही. नांगरटीला मागच्या टायरात 12 ते 14 पौंड हवा बहुधा पुरते, पण भरल्या ट्रॉलीला जास्त लागते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल खिटीने जोडतो. सुटे राहिले तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

आणि मडगार्डवर आता कोणालाच बसू देत नाही. मुलगा कुरकुरतो. कुरकुरू दे. उद्या ट्रॉली जोडण्याआधी तुम्हीही एकदा खाली वाकून मागची चाके पाहा, एवढेच सांगणे.