डॅनिश सुनेस पत्र

सुनेस लिहिलेल्या पत्रात मी योजलेल्या आदरार्थी सर्वनामाचा अर्थ कोपनहेगनात ‘रोष’ असा लागला, ही गोष्ट अद्याप माझ्या मनातून जात नाही. चिरंजीवांनी तिकडचीच मुलगी केली. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या सोनाळ्यात, पेन्शनीत निघालेल्या या कारकुनाने डॅनिशचे पुस्तक उघडले. (१८०५ साली मिशनरी केरीसाहेबांनी मराठीचे व्याकरण बंगालातल्या ज्या श्रीरामपुरात छापले, तेथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता, तेवढे ऋण फेडणे ओघानेच आले.)

सर्वनामांनी प्रथम मोहच घातला. ‘याय’ म्हणजे मी, तो लहान अक्षराने लिहावयाचा, आणि अनेकांना उद्देशून येणारा ‘ई’ मात्र मोठ्या अक्षराने. हा विनय इंग्रजांना साधलेला नाही. त्याने ‘आपली’ टोपी घेतली की ‘त्याची’, म्हणजे भलत्याचीच, हा भेदही ते ‘सिन’ आणि ‘हॅन्स’ या शब्दांनी आपल्याइतक्याच काटेकोरपणे पाळतात.

सन्मानार्थ मोठ्या अक्षराचा ‘डी’ आहे, हे वाचून मी निर्धास्त झालो. कारण जिला डोळ्यांनी पाहिलेले नाही, अशा परदेशी, सुविद्य स्त्रीस एकदम एकेरीत कसे संबोधावे? पत्र आरंभापासून अखेरपर्यंत ‘डी’ने सजविले. त्यावर, बाबा रागावले काय, अशी पृच्छा चिरंजीवांकरवी आली. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत तेथून हा ‘डी’ जवळजवळ हद्दपार झाला, शिक्षक, डॉक्टर, मंत्री सर्वांस ‘डू’, म्हणजे तूच, म्हणतात, आणि राजघराण्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास ‘डी’मध्ये दुरावाच जाणवतो, असा खुलासा मिळाला. खुलासा मिळाला, समाधान नव्हे. मान देणाऱ्याची नियत पाहावयाची की गावाचा शिरस्ता? जो शब्द कोशात दाखल, व्याकरणात दाखल, तो वापरल्याबद्दल माझी जबानी का व्हावी?

तथापि कचेरीत मी याहून वाईट पाहिले आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी डोंगर उतरून आलेल्या सत्तरीच्या कोरकू म्हाताऱ्यास पंचविशीतला कारकून ‘तू’ म्हणे, आणि म्हातारा त्यास ‘साहेब’. जेथे सगळेच तू, तेथे कोणाचाच पाणउतारा नाही, हे मला पटते. पटते, तरी सून फोनवर मला ‘डू’ म्हणते तेव्हा कानास बोचतेच.

आता मीही तिला ‘डू’च लिहितो, मात्र पहिले अक्षर मोठे काढतो. हे शुद्धलेखनास धरून नाही, असा चिरंजीवांचा शेरा आला आहे. तो मी दप्तरी दाखल करून ठेवला आहे.