फुटलेला आवाज

घसा बसल्याला आज आठवा दिवस. बोलायची बंदी, म्हणून आठवीच्या नव्या मुलांना समूहगानात ओढायला नुसती पेटी घेऊन गेले. 'गुड्डी'तली (१९७१) वसंत देसाईंची प्रार्थना काळी चारमध्ये वाजवली. पुढच्या बाकावरच्या तिघी लगेच गायला लागल्या. मागचा एक मुलगा नुसते ओठ हलवत होता. या वयात मुलांचा आवाज फुटतो, वर चिरकतो, मग ती गातच नाहीत. मी सूर काळी एकला उतरवला. त्याच्या गळ्यातून काहीतरी जाडसर, खरखरीत निघालं. तो दचकला; माझीही बोटं थबकली. माझ्या घशात सध्या तसलंच काही अडकलंय. समूहगानाच्या यादीत त्याचं नाव अजून नाही. उद्या पेटी मागच्या बाकाशी ठेवावी म्हणते.