चार अंशांची नोंदवही

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या मंडळींस ‘साहेब येणार’ या दोन शब्दांचा महिमा सांगावयास नको. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो, वऱ्हांड्यात रातोरात कुंड्या उगवतात आणि वर्षभर रुसलेले भिंतीवरचे घड्याळ चालू लागते. या सोहळ्यात आम्ही कधी साहेब म्हणून, तर कधी चुन्याची बालदी पुरविणारे म्हणून भाग घेतलेला आहे. त्यामुळे नर्मदेच्या खोऱ्यातील एका तहसिलीच्या तीस खाटांच्या सरकारी रुग्णालयास गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळवून द्यावयाचे ठरले, व त्या खटपटीत हिशेब जाणणारा एक सभासद म्हणून आमची नेमणूक झाली, तेव्हा आमच्या मनात प्रथम चुन्याचाच खर्च आला, हे कबूल केले पाहिजे.

ही राष्ट्रीय गुणवत्ता मानके केंद्र सरकारने २०१३ साली सार्वजनिक रुग्णालयांसाठी ठरविली. त्यांचे आठ भाग आहेत. रुग्णाच्या हक्कांपासून जंतुसंसर्गास आळा घालण्यापर्यंत सारे त्यांत येते. प्रत्येक बाबीस दोन, एक किंवा शून्य असे गुण मिळतात. पुरेसे गुण पडले की प्रमाणपत्र, तेही तीनच वर्षांपुरते. हे सर्व आमच्या परिचयाचे, म्हणजे सरकारी वळणाचेच होते. नवल वाटले ते तपासणीच्या रीतीचे. तपासणाराने चार वाटांनी सत्याकडे जावे असा दंडक आहे: डोळ्यांनी पाहावे, कर्मचाऱ्यास विचारावे, दप्तर वाचावे आणि रुग्णास विचारावे. आमची उभी हयात यांपैकी तिसऱ्या वाटेवर गेली. उरलेल्या तीन वाटा असतात हे आम्हांस ऐकून ठाऊक होते, इतकेच.

पहिली रंगीत तालीम मे महिन्यात झाली. सोबत जिल्ह्याहून आलेले एक तरुण डॉक्टर होते. पिवळी, लाल, निळी कचरापेटी जागच्या जागी होती. हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रे मोरीवर लावलेली होती, आणि त्या पायऱ्या झाडूवाल्या बाईंनी आम्हांपेक्षा चांगल्या म्हणून दाखविल्या. प्रसूतिगृहात सात ट्रे ओळीने मांडलेले. आम्ही मनात गुणांची बेरीज करू लागलो होतो.

कोपऱ्यात एक लहानसा फ्रिज होता आणि त्यावर दोरीने बांधलेली एक वही. सकाळी व संध्याकाळी आतील उष्णतामान टिपावे, असा नियम. आम्ही पाने उलटली. मेच्या पहिल्या तारखेपासून प्रत्येक रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘४’. एकही खाडाखोड नाही. हिशेबनिसाच्या डोळ्यांस अशी वही म्हणजे मेजवानीच. आणि त्याच डोळ्यांस तिचा संशयही आधी येतो. पान उलटले तो पुढच्या दिवसाच्या दोन्ही रकान्यांतही ‘४’ लिहून तयार!

डॉक्टरांनी काही न बोलता फ्रिज उघडला. आतील तापमापकात पारा तेरावर होता.

त्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिनच्या कुप्या होत्या. मूल जन्मताच मिनिटभरात आईस हे इंजेक्शन देतात. त्याने गर्भाशय आवळते व रक्तस्राव आटोक्यात राहतो. आपल्या देशात मातामृत्यूच्या कारणांत रक्तस्राव अग्रभागी आहे. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. उष्णतेत त्याचा जोर हळूहळू जातो. रंग बदलत नाही, वास येत नाही. कुपी तीच, पाणीही तेच. आतले औषध मात्र निघून गेलेले. डॉक्टरांनी हे आम्हांस हलक्या आवाजात समजावले, कारण पडद्यापलीकडे एक बाई वेणा देत होती.

सिस्टर पन्नाशीच्या होत्या. आम्ही अधिकाऱ्याच्या स्वरात विचारले, “हे काय?” त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “साहब, दो साल पहले मैंने ग्यारह लिखा था. ऊपर से स्पष्टीकरण माँगा गया. तब से चार लिखती हूँ.” वीज दुपारी चार-चार तास जात होती. जनित्राची तार लशींच्या शीतपेटीस जोडलेली होती, या फ्रिजला नव्हती. ती जोडून मिळावी म्हणून त्यांनी केलेल्या अर्जाची पोचही त्यांनी काढून दाखविली.

ते स्पष्टीकरण मागणारे पत्र आम्ही लिहिलेले नव्हते. पण त्याची भाषा आम्हांस पाठ होती. ‘सदर बाब गंभीर असून सात दिवसांचे आत खुलासा करावा.’ अशी किती पत्रे आमच्या सहीने गेली असतील! आणि त्यांच्या उत्तरी आलेल्या किती निर्दोष वह्यांवर आम्ही समाधानाने शिक्के मारले असतील! त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये आम्ही फारसे बोललो नाही.

अमेरिकेतील शल्यवैद्यांच्या संस्थेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथील मोठी रुग्णालये प्रथम तपासली. ६९२ पैकी अवघी ८९ किमान कसोटीस उतरली. १९१९ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ही यादी सभेपुढे यावयाची होती. नावे फुटतील या भयाने ती हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. आकडे सांगितले गेले, नावे नाहीत. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटते, त्यांनी निदान खोटी यादी तरी केली नाही.

आम्ही त्या बाबीस शून्य मांडले व बाहेरच्या तपासणीची तारीख पुढे ढकलावी असे लिहिले. वरिष्ठांचा दूरध्वनी आला. “एका फ्रिजसाठी?” त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता, इतर सर्व बाबी उत्तम होत्या, आणि जिल्ह्यास प्रमाणपत्र हवे होते. आम्ही एवढेच म्हणालो की, खुलासा मागवावयाचा असेल तर तो आमच्याकडून मागवावा, सिस्टरांकडून नको. तो मागविला गेलाही. नोकरीच्या अखेरीस असा एक कागद आपल्या नस्तीत असणे वाईट नाही.

कुप्या फेकल्या, नव्या आल्या. तारेचा खर्च रोगी कल्याण समितीने केला. ही समितीची कल्पना १९९० नंतरच्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रुजली व पुढे देशभर पसरली; होळकरांच्या नावाच्या त्या इमारतीचे इतके ऋण आमच्या फ्रिजवरही आहे. वहीत मात्र आम्ही एक बदल करविला. प्रत्येक ओळीपुढे ‘काय केले’ असा एक रकाना वाढविला.

पावसाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. वही आता मळकट झाली होती. ५, ४, ७, ६, मध्येच एक रकाना कोरा. एका संध्याकाळी लाल शाईने ‘११’, आणि त्यापुढे सिस्टरांच्या हातचे: ‘बिजली गई, तार भी टूटी. इंजेक्शन बर्फ के डिब्बे में रखे.’ तरुण डॉक्टर पेन्सिल हातात धरून घोटाळले. कोऱ्या रकान्यामुळे पूर्ण गुण देता येत नव्हते. त्यांनी एक गुण मांडला आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही मान डोलावली. मग सिस्टरांनीच पुढे होऊन फ्रिजचे दार उघडले. पारा पाचावर होता.